बारा महिन्यांचा गंज

लोहाराच्या घरात गंज दिसणं म्हणजे अब्रूच गेली. त्यामुळे आईने जे केलं ते लेकीच्या मायेपोटीच केलं. पण असं केलं की सकाळी आठला शाळेच्या कोठीत पाऊल टाकताच थोरली उंबऱ्यातूनच आईला हाका मारू लागली.

थोरली घरासमोरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. वर्षभर खपून तिने त्या कोठीत लोखंडाचं दालन मांडलं होतं. एका भिंतीवर बाबांच्या भट्टीतली अवजारं: घण, सांडशी, छिन्नी, कानस. दुसऱ्या भिंतीवर मुलांनी जमवलेली भाषा: ऐरणीवर आलेला प्रश्न, पोलादी मनगट, लोखंडाचे चणे, बुद्धीला चढलेला गंज. टेबलावर खनिजं. आणि मधोमध एक फळी, त्यावर बारा खिळे. पहिला महिनाभर ओल्या वाळूत ठेवलेला, दुसरा दोन महिने, असं करत शेवटचा बारा महिने. अकरा वाजता शाळेची समिती येऊन ठरवणार होती, की ही खोली दालनाला कायमची द्यायची की इथे झेरॉक्सचं मशीन बसवायचं.

आदल्या संध्याकाळी आई जरा केर काढून येते म्हणून किल्ली घेऊन गेली होती. आता बाराही खिळे चकाकत होते. वर तेलाचा हातही फिरवलेला.

आईचं म्हणणं, चार मोठी माणसं येणार आणि लोहाराच्या लेकीने असले घाणेरडे खिळे मांडायचे? तिचा तर हात दुखून आला होता. त्यातून टेबलावरचा तो पिवळा दगड. तासभर घासला तरी पिवळं पाणी संपेना, दगड मात्र निम्मा झाला. थोरलीने सांगितलं, की ते लिमोनाइट होतं. आतबाहेर सगळा गंजच. मग टाकूनच द्यायचा की, आई म्हणाली. थोरलीला रडू येत होतं, पण आधी हसू आलं, आणि ते थांबेना.

बाबा आले, त्यांनी फळी पाहिली आणि बायकोकडे पाहिलं. मग ते म्हणाले, घाबरू नकोस, मीठ आणि व्हिनेगर घे, दोन तासांत खिळे लालेलाल करून देतो. जन्मभर गंजाशी वैर केलेल्या माणसाला गंजाच्या सगळ्या खोड्या ठाऊक होत्या. पण थोरली ऐकेना. दोन तासांच्या गंजाखाली ती 'दोन तास' असंच लिहिणार होती. तारीख खोटी लिहायला तिचा हात धजत नव्हता.

"मग गल्लीत मागू या," आई म्हणाली. तिला आता अपराधी वाटू लागलं होतं.

पण गंज मागायचा कसा? शिंप्याने आमच्याकडे गंजलेलं काही नाही म्हणून दार लावलं. गवंडी तर चिडलाच. माझी थापी आरशासारखी असते, म्हणाला. सुताराने करवत दाखवून त्यांनाच ऐकवलं. तीन दारं झाली, नऊ वाजले. मग बाबा रस्त्यातच थांबले.

"लोखंड स्वतःच्या घरात गंजत नाही," ते म्हणाले. "मागून नेलेलं गंजतं."

ते परत शिंप्याकडे गेले आणि या वेळी विचारलं, की तुझी कुठली वस्तू कुणी नेऊन खराब करून आणली का. शिंप्याचा चेहरा उजळला. त्याने आतून कात्री आणली. धाकट्या भावाच्या बायकोने नेली होती, खिडकीत ठेवली, बरोबर साडेपाच महिन्यांनी परत केली. तेव्हापासून दोन्ही जावांचं बोलणं बंद. तारीख? तारीख त्याला तोंडपाठ होती. गवंड्याची जुनी थापी साडूने गच्चीवर विसरली होती, आठ महिने. सुताराची पटाशी व्याह्यांकडून चार महिन्यांनी आली होती. गल्लीत बातमी पसरली आणि लोक आपणहून रुसवे घेऊन धावत आले. थोरली धापा टाकत चिठ्ठ्या लिहीत होती: 'कात्री. साडेपाच महिने. खिडकी, पावसाचे तुषार. जावेकडे.' जागा वेगळी, लोखंड वेगळं, हेही तिने प्रामाणिकपणे नोंदवलं. पावणेअकराला फळीवर अकरा वस्तू होत्या. शेवटची जागा रिकामी.

समितीच्या अध्यक्षीणबाई भिंग घेऊनच आल्या. एकेक चिठ्ठी त्यांनी वाचली. या तारखांना पुरावा काय, असं त्यांनी विचारलं, तेवढ्यात दाराबाहेर गवंडी आणि त्याचा साडू, गच्ची कुणाची यावरून, पुन्हा सुरू झाले.

"पुरावा बाहेर भांडतोय," थोरली म्हणाली.

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. पण त्यांनी रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. बारा लिहिलंय आणि वस्तू नाही; अपुरं दालन कायमचं कसं करायचं? थोरलीने खरं ते सांगितलं, की बारा महिन्यांचा गंज काही मिळाला नाही. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

तेव्हा आई उठली. समोरच घर, दोन मिनिटांत ती परत आली आणि फडक्यातली वस्तू तिने फळीवर ठेवली. बाबांचा आवडता हातोडा. त्याला तपकिरी पापुद्रे सुटले होते.

"हा तर तुझ्या भावाने नेला," बाबा म्हणाले. त्यावरूनच वर्षभर त्यांनी मेहुण्याशी बोलणं टाकलं होतं.

"त्याने नाही. मीच लपवला, टाकीमागे," आई म्हणाली. "पहाटे साडेपाचला ठोकायला बसायचात. हा नसला की हातोडा सुताराकडून मागून आणावा लागतो, त्याचं दुकान उघडेपर्यंत गप्प असता."

ज्या बाईने दगडसुद्धा घासून निम्मा केला, तिने हा एक हातोडा वर्षभर सुखाने गंजू दिला होता. अध्यक्षीणबाईंनी भिंग लावलं. वर्ष नक्की?

"आज पुरं झालं. वर्षभर सात वाजेपर्यंत झोपतेय मी."

बाई इतक्या हसल्या की भिंग टेबलावर ठेवावं लागलं. मग त्यांनी कागदावर सही केली आणि झेरॉक्सचं मशीन जिन्याखाली बसवा म्हणून सांगितलं. थोरली खाली बसून शेवटची चिठ्ठी लिहू लागली, पण हसता हसता 'टाकीमागे' तीनदा खोडावं लागलं. बाबा कोपऱ्यात जाऊन फोन लावत होते.

"दाजी बोलतोय. हो, वर्षाने. ये इकडे शाळेत. नाही रे, माफी कसली मागतोय... गंज बघायला ये."