वर्षभराचे गहू

दुकानातून पीठ आणणारी बाई दिसली की माझ्या मायचं डोकं फिरतं. "आठोडाना आठोडा पिशवी लई दुकानवर उभी ऱ्हास," असं ती मलाच ऐकवते, कारण ती बाई म्हणजे मी. लग्न होऊन सुरतेला लिंबायतात आले तेव्हापासून मी असंच पीठ आणते. थोडं महाग पडतं, मान्य आहे. पण माझं घर म्हणजे एक खोली. तिच्यात माणसं ठेवू की पोती?

माझा धाकटा भाऊ भटू दोन गल्ल्या सोडून राहतो. लूमच्या कारखान्यात कायमची रात्रपाळी. बायको हर्षदा, दोन पोरी, आणि त्यांचीही एकच खोली. हर्षदा मुलखाची काटकसरी. कोथिंबिरीच्या काड्या वरणात, शिळ्या पोळीचा कुस्करा, आणि भाजी संध्याकाळी बाजार उठताना घ्यायची, तेव्हा स्वस्त देतात म्हणून. मायला अशीच सून हवी होती. त्या दोघींचं जमायचंही छान, नाही म्हणणार नाही. मला मात्र दोघी मिळून टोमणे मारायच्या.

मागच्या वर्षी हर्षदाने वर्षाचे गहू भरले आणि दिवाळीपर्यंत त्यांना सोंडे लागले. अर्धं धान्य पीठ होऊन खाली गळलं. ती रडली होती तेव्हा, मी पाहिलं होतं. म्हणून यंदा मे महिन्यात माय गावाहून आली ती पूर्ण तयारीने. चुलतभावाच्या शेतातले गहू टेम्पोत, एक मोठी पत्र्याची कोठी, आणि पदराच्या गाठीत कागदाची पुडी. पुडीत धान्यात टाकायच्या गोळ्या.

कोठी खोलीत आली तेव्हा मी तिथेच होते. दारातून जाता जाईना. शेवटी खाटेच्या उशाशी तेवढी जागा निघाली, तिथे बसवली. नाकापेक्षा मोती जड, मी म्हणाले. हर्षदा हसली. मायने गोळ्या फडक्यात बांधून गव्हात खोल सारल्या, झाकण लावलं आणि वरून गोधडी घातली.

"माय, हे विष आहे ना?" मी विचारलं. "भटू दिवसा इथेच झोपतो. दार लावून, खिडकीला पांघरूण टाकून. त्याच्या डोक्याशी कशाला?"

"इतलाशा गोळ्यासले काय घाबरस? आम्ही जलमभर टाकत उनूत. मरनं का कोणी?"

कोणी मेलं नव्हतं, हे खरं. पण गावाला आमचं माळदाचं घर. धान्याची खोली वेगळी, धूर जायला वर भोक, आणि त्या खोलीत मांजरसुद्धा झोपत नसे. हे मी बोलले. माय पोरींना आंबे चिरून द्यायला बसली.

उन्हाळ्यात सुरतेत रात्री कोण खोलीत झोपतं? माय, हर्षदा, पोरी, सगळ्या गच्चीवर. दिवसभर दाराच्या बाहेर, ओट्यावर, शेजारी. दार लावून त्या खोलीत राहणारा एकटा भटू. सकाळी पाळीवरून आला की न्याहारी करून आडवा व्हायचा. उजेड नको म्हणून खिडकी बंद, गल्लीतला कालवा नको म्हणून दार बंद. आत टेबलफॅन तीच हवा फिरवत राहायचा.

थोड्याच दिवसांत हर्षदाने कौतुकाने सांगितलं, की झुरळं संपली. केर काढताना सुपलीभर निघाली, सगळी उलथी पडलेली. एक पालही पडली होती कोठीमागे. "औषध अस्सल शे," माय म्हणाली. मी आत गेले तर मासळी सडल्यासारखा वास आला. त्यांना येत नव्हता, किंवा सवय झाली असेल. मी खिडकी उघडली. मी गेल्यावर भटूने ती परत लावली, त्याला झोप हवी होती.

मग त्याचं डोकं दुखायला लागलं. मळमळ, छातीवर दडपण. गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरने ऊन लागलंय म्हणून सांगितलं, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि घरी पडून राहायला सांगितलं. त्या डॉक्टरला कोठीचं कोणी सांगितलंच नव्हतं. दोन पाळ्या बुडवून भटू पडून राहिला, त्याच खाटेवर. आणि जास्तच आजारी झाला. हर्षदा लिंबूसरबत करून देत होती, मऊ खिचडी घालत होती, बाहेरचा चहा बंद केला होता. तिला वाटत होतं पोटातलं काहीतरी आहे. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," मी म्हणाले. "गव्हात वाचवलं ते डॉक्टरकडे गेलं. आता तरी ती कोठी बाहेर काढ."

हर्षदाने मायकडे पाहिलं. "ताई, आत्ता उघडली तर गोळ्या वाया जातील. परत सोंडे लागले तर मी काय करू?"

"मग भटूला माझ्याकडे पाठव झोपायला."

एवढं तिने ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भटू माझ्याकडे आला. मी माझ्या पोरांना बाहेर हाकललं, मिस्टर कामावर गेलेले, दारं-खिडक्या उघड्या. गल्लीत रिक्षांचा गोंगाट चालू होता तरी तो घोरत पडला. उठला तेव्हा चेहरा उजळला होता. दोन भाकरी आणि ठेचा मागून खाल्ला. मला म्हणाला, "ताई, कितीतरी दिवसांनी डोकं हलकं वाटतंय." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "आता रोज इथेच ये. समजलं?" तो हो म्हणाला.

संध्याकाळी माय माझ्या दारात हजर. "जवाईना घरमा झोपस का कोणी? लोके काय म्हणतीन?"

मी म्हणाले, लोकांचं काय घेऊन बसलीस, तो बरा झाला ते बघ. माय म्हणाली, इंजेक्शनने बरा झाला. मी म्हणाले, कोठीपासून लांब गेला म्हणून बरा झाला. आमचं चांगलंच जुंपलं. ती मला अक्कल शिकवणारी म्हणाली, मी तिला हट्टी म्हणाले. भटू मध्ये उभा होता, खाली मान घालून. शेवटी तोच म्हणाला, "ताई, जाऊ दे. दाजींच्या घरात रोज येऊन लोळायचं, मलाच लाज वाटते. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, मग कोठी उघडायचीच आहे." मला रडायला आलं, पण मी रागानेच बोलले, "जा मग. मर तिकडे." असं आपण बहीण-भाऊ बोलतो. मी काही मनापासून म्हटलं नव्हतं.

त्यानंतर भेस्तानला एक लग्न निघालं, हर्षदाच्या माहेरच्या नात्यातलं. माय, हर्षदा, पोरी सगळ्या सकाळीच रिक्षा करून गेल्या. भटूला रात्री पाळीवर जायचं होतं म्हणून तो घरी झोपला. खाडे झालेले, आणखी एक परवडणारा नव्हता. मी दुपारी त्याला ताक घेऊन गेले. ऊन असं की गल्लीत कुत्रं नाही. खोलीचं दार आतून लावलेलं. मी कडी वाजवली. आत पंख्याचा आवाज येत होता.

"भटू," मी हाक मारली. परत मारली. मग दारावर थापा मारायला लागले. घरमालकीण पुष्पाबाई वरून खाली आली. म्हणाली, झोपू दे ना बिचाऱ्याला, रात्रभर लूमवर उभा असतो. मी तिच्या अंगावर ओरडले, तुमच्या माणसाला बोलवा आधी. तिचा नवरा आला, दोघांनी मिळून दाराला धक्के दिले तेव्हा आतली कडी तुटली.

भटू खाटेवर नव्हता. दाराच्या दिशेने निघाला असावा, फरशीवर बसला होता, कोठीला टेकून. पुढे ओकारी पडलेली, हात बर्फासारखे गार. श्वास चालू होता. मला ओळखलं त्याने. "ताई, पाणी दे," म्हणाला. मी त्याला काखेत धरून ओढत बाहेर आणलं, ओट्यावर, आणि तिथून रिक्षात.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, खोलीत काय होतं. मी सगळं सांगितलं. बाई हिंदीत म्हणाल्या, त्या गोळ्यांतून विषारी वायू सुटतो, या विषाला उतारा नाही, आम्ही हृदय सांभाळू तेवढं सांभाळू. लग्नातून माय आणि हर्षदा धावत आल्या तेव्हा भटू बोलत होता. पोरी जेवल्या का, एवढं विचारलं. हर्षदाने हो म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

माय बाकावर बसून एकच म्हणत होती, "मी जलमभर टाक्यात." मी तिच्या जवळ गेले नाही. ती माझी आई आहे, म्हातारी आहे, तिचाही मुलगा गेला. सगळं कळतं मला. तरी नाही गेले.

गंधमुक्तीला, म्हणजे भटूच्या उत्तरकार्याला, गावाहून माणसं येणार होती. वरण-बट्टीचं जेवण घालायचं, म्हणजे गहू लागणार. आदल्या दिवशी मी गेले तर कोठी रिकामी करून दाराबाहेर काढलेली. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून त्यांवर सगळे गहू पसरलेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माय पायाने ते परतत होती. हर्षदा सूप घेऊन पाखडत बसली होती, कपाळ मोकळं.

माझं रक्त खवळलं. "अगं, नाल्यात फेक ते," मी म्हणाले. "ज्या गव्हाने नवरा खाल्ला त्याच्या बट्ट्या घालशील?"

हर्षदाने सूप खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नाही. "ताई, डॉक्टरीणबाईंना विचारलं मी. ऊन-वारा लागला की खाता येतात म्हणाल्या. उद्याचं जेवण झाल्यावर उरतील ते पोरींना पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरतील. कारखान्यातून आता काही येणार नाही. मी हे फेकते. मग आम्हाला वर्षभर पीठ तुम्ही आणून द्याल?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. आमचं घर कसं चालतं ते डोळ्यांपुढे आलं. शेवटच्या आठवड्यात मी पीठ उधार आणते, हे हर्षदालाही माहीत होतं. तिने पुन्हा सूप उचललं.

कोपऱ्यात दुसरं सूप पडलं होतं. ते घेऊन मी तिच्या शेजारी बसले आणि गहू निवडायला लागले. दाणा टपोरा होता, सोनेरी. कितीतरी सुपं पाखडली आम्ही. एकाही दाण्याला कीड नव्हती.