सत्तरला येणारी थरथर

रखमाजी मिस्त्रीने जीपखालून हात बाहेर काढला.

"चौदाचा पाना."

चिमाजीने पाना दिला आणि पुन्हा जुन्या टायरवर जाऊन बसला. सकाळपासूनची ही चौथी खेप. मंचरहून कळंबपर्यंत गाडी पळवायची, परत यायचं आणि एकेक शंका पुसत जायची. काटा सत्तरवर गेला की सीटखालून थरथर सुरू व्हायची ती पार दाढांपर्यंत. चाकं अदलाबदल करून झाली. भर वेगात गिअर काढून गाडी नुसती घरंगळू दिली. थरथर तशीच, म्हणजे इंजिनावरचा संशय फिटला. मग पुढच्या चाकांना जोर देणारा शाफ्ट उतरवून गाडी मागच्या चाकांवर पळवली. तरी तेच. चिमाजी मेटाकुटीला आला होता. एकोणीस वर्षं शेठची गाडी हाकली, पण इतका जीव कुठल्या गाडीने खाल्ला नव्हता.

गाडी रूपचंद शेठची. डोंगरातल्या गावांतून हिरडा आणायला चारी चाकांचा जोर लागतो. तिथे वेग चाळिशीच्या वर जातोय कशाला? त्यामुळे वर गाडी अगदी गुणाची. शेठच्या आईला, सूरजबाईंना, कमरेच्या उपचाराला पुण्याला न्यायचं म्हटलं की हायवेवर हे थेर. दिवाळीनंतर एकदा म्हातारी वाटेतच रडायला लागली. त्या दिवशी शेठनी विचारलं, गाडीला झालंय तरी काय?

"भागूनं आहुप्याच्या वाटंला दगडावर घासली असंल," चिमाजी म्हणाला होता.

भागू हा दुसरा ड्रायव्हर, वर्षभरापूर्वी ठेवलेला. तो न्हाई न्हाई म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवलं. आता तो मार्केटात पोती उचलतो आणि चिमाजी दिसला की तोंड फिरवतो.

रखमाजीने मागचा शाफ्ट उतरवून फळीवर ठेवला. रॉकेलच्या फडक्याने पुसला, बोटाने चाचपला, मग एका जागी नखाने रंग खरवडला.

"चिमाभाऊ, हिकडं या."

रंगाखाली वेल्डिंगचे दोन ठिपके होते, शेजारी शेजारी.

"हितं वजनाची पट्टी व्हती. कंपनीच लावती, शाफ्ट समतोल फिरावा म्हणून. कुणीतरी छिन्नीनं उडवलीया."

"दगडानं न्हाई?"

"दगडानं शाफ्ट चेपला असता. आन् दगड काय वरनं रंग देतो व्हय?"

रंग चिमाजीनेच दिला होता. खंडेनवमीला तो गाडी नदीवर घेऊन गेला होता. सगळे बॉनेट पुसतात, याने खाली झोपून चिखलाची खपली न् खपली काढली. शाफ्टला गंजलेला एक तुकडा चिकटला होता, फार वंगाळ दिसत होता. देवीसमोर गाडी उभी करायची आणि अंगावर असलं खरूज ठेवायचं? तो त्याने छिन्नीने ठोकून काढला, वर चंदेरी रंग फासला, मग झेंडूची माळ घातली. किती कौतुक वाटलं होतं स्वतःचं.

रखमाजीने शाफ्ट परत चढवला आणि त्याभोवती पाण्याच्या पाइपाची एक क्लिप आवळली. तिच्या स्क्रूचं वजन थोडं इकडे, थोडं तिकडे फिरवून आणखी तीन चकरा झाल्या. तिसरीत काटा सत्तरवर गेला, पंचाहत्तरवर गेला, गाडी लोण्यासारखी चालली. तेवढ्या वजनाची पट्टी त्याच जागी जोडली की काम संपलं.

पट्टी जोडून हात धुताना रखमाजी चिमाजीकडे न बघताच म्हणाला, "शेठला दगडच सांगू का? त्याला काय कळतंय."

चिमाजीने पाने गोळा करून पेटीत टाकले.

"नगं," तो म्हणाला. "मी सांगतो."

दुकानात शेठ बाळहिरड्याचा वास घेत नमुना पारखत होते. चिमाजीने चप्पल बाहेर काढली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. छिन्नी, रंग, भागूचं घेतलेलं नाव. वाटेभर त्याने मनाची तयारी केली होती. उद्यापासून येऊ नका, एवढंच ऐकायचं होतं.

शेठनी नमुना खाली ठेवला.

"थरथर गेली ना पण?"

"गेली."

"मग झालं तर. अहो चिमाजी, पूजेसाठीच केलंत ना? होतं माणसाकडून. बसा, दमलाय तुम्ही." आणि आत वळून त्यांनी चहा सांगितला.

चिमाजी बसला. नोकरी वाचली होती, म्हातारपण वाचलं होतं. चहा आला, चांगला दाट, वेलदोड्याचा. त्याने कप उचलला आणि परत ठेवला.

"शेठ, मला बसा म्हणलात. भागूला आपण तसं बसा म्हणलो न्हाई."

"त्याचं आता कशाला काढता? तो लागलाय कामाला."

"त्यानं तर काय केलंबी नव्हतं."

शेठनी पुन्हा नमुना हातात घेतला. चिमाजीने चहाचा कप बाजूला सारला. शेवटी तो उठला, चप्पल पायांत सरकवली आणि मार्केटाच्या दिशेने चालू लागला. पोती उतरवायची वेळ होती, भागू तिथे असणार. त्याच्यापुढे उभं राहायचं कसं, ते त्याला अजून सुचलं नव्हतं.