डाव्या वळणाचा काठ

सहलीच्या बसमध्ये तीस माणसं होती. एकोणतीस जण खरेदीला निघाले होते आणि मी बहिणीला शोधायला.

"तुम्ही काय घेणार?" शेजारच्या काकांनी बस सुटायच्या आधीच विचारलं.

"टोपली."

"एकच?"

"एकच."

काका निवृत्त माणूस, वेळ भरपूर, गळ्यात कॅमेरा. बनवणाऱ्याची गोष्ट कळल्याशिवाय आपण वस्तूला हात लावत नाही, असं त्यांनी मला पहिल्या तासातच तीनदा सांगितलं. मनात आलं, गोष्टच हवी असेल तर बसा माझ्याकडे तोंड करून. पण बोलले नाही. ऐकली असती तर काका जागा बदलून बसले असते.

आमची आई वेताच्या टोपल्या विणायची, आणि आई डावखुरी. टोपली भरत आली की उभ्या काड्या ओल्या करायच्या, एकेक दुमडायची, एकीच्या मागून दुसरीच्या पुढून न्यायची आणि टोक आत खोचायचं, की झाला काठ. सगळं जग त्या काड्या उजवीकडे दुमडतं. आई डावीकडे दुमडायची. आम्ही दोघी बहिणी तिच्या शेजारी बसून शिकलो, त्यामुळे आमचे हात उजवे पण काठ डावा. व्यापारी चेष्टा करायचे, या घरची टोपलीसुद्धा उलट्या डोक्याची. पण धोंडे भरले तरी तो काठ सुटायचा नाही. पुढे पुढे ते बारकीच्याच टोपल्या मागायला लागले. बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. माझ्या टोपल्या परत यायच्या. स्वयंपाक मी करायचा, पाणी मी भरायचं, वेत मी भिजवायचा आणि सोलायचा, आणि कौतुक तिचं. मला राग यायचा. अजूनही येतो, खोटं कशाला बोलू?

खोटं बोलायचं ते मी एकदाच बोलले. चौदा वर्षांपूर्वी बारकी तीन महिन्यांच्या शिक्षणवर्गाला शहरात गेली होती. वर्ग संपल्यावर तिनं शेजाऱ्यांकडे फोन केला. तो फोन घ्यायला मी गेले. "ताई, वर्गवाले मला लांबच्या एका गावी काम देतायत. आईला विचार, जाऊ का घरी येऊ?" आई तर तिच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. मी म्हटलं, "आई म्हणते, तुझं तोंड बघायचं नाही. येऊ नकोस." एका दमात म्हटलं. मग घरी येऊन आईला सांगितलं, "तिला आता आपण नकोत म्हणाली." जिभेला हाड नसतं. वाटलं, चार दिवसांनी निस्तरू. चार दिवसांनी धीर झाला नाही, नंतर लाज वाटायला लागली, आणि त्यानंतर मी त्या गोष्टीचा विचार करणंच सोडून दिलं. आईनं बारकीचं नाव टाकलं. निदान माझ्यासमोर तरी ती ते घ्यायची नाही.

आता आई अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस, फार तर दहा. त्यातले तीन गेल्यावर शेजारीण आईसाठी फळं घेऊन आली, कुठल्याशा सहलीहून आणलेल्या टोपलीत. आईला आता नीट दिसत नाही. तिनं टोपलीच्या काठावरून बोटं फिरवली, थांबली, परत फिरवली आणि म्हणाली, "बारकी आली का?"

मी टोपली उचलून उजेडात नेली. काठ डावा होता. बुडाला चिठ्ठी होती, तिच्यावर नुसतं 'कारागीर क्रमांक सतरा'. शेजारणीला गावाचं नाव काही आठवेना, पण सहलवाल्याला ठिकाण माहीत होतं. त्याची पुढची बस दुसऱ्याच दिवशी होती. आईला शेजारणीच्या हवाली केलं आणि तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "घेऊन येते तिला." कशाच्या जोरावर म्हटलं ते माझं मलाच ठाऊक नाही.

वाट पाच तासांची निघाली. चौदा वर्षं ती पाच तासांवर होती.

"दीड तास," सहलवाला ओरडला. "बरोबर अडीचला बस सुटणार. कोणासाठी थांबणार नाही."

दुकान म्हणजे चुन्यानं रंगवलेली एक लांबलचक शेड. दारात पाटी: 'इथे भाव एकच. त्यातला मोठा वाटा बनवणाऱ्याच्या हाती जातो. कृपया घासाघीस करू नये.' पाटी वाचून आमच्या बसमधल्या दोघीतिघींचे चेहरे उतरले. आत लाकडी पाखरं, कापडी बाहुल्या, मातीची भांडी, आणि प्रत्येक वस्तूला बनवणाऱ्याचा हसरा फोटो टांगलेला. मी कशाकडे न बघता टोपल्यांच्या फळीकडे गेले. पहिली टोपली उचलली. काठ डावा. दुसरी उचलली, तिचाही डावा. तिसरीचा डावा, चौथीचा डावा. वरच्या फळीवरची एक मोठी दुरडी ओढली तर तिचाही. सगळ्या टोपल्या आमच्या घरच्या असल्यासारख्या, आणि फोटो मात्र अनोळखी बायकांचे. तोंडचं पाणी पळालं माझ्या. सतरा नंबरच्या चिठ्ठ्या शोधल्या, त्या तेवढ्या बिनफोटोच्या होत्या.

गल्ल्यावर एक चष्मेवाल्या बाई होत्या. मी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. "ही सतरा नंबर कोण?"

"माहिती देत नाही. ज्यांना फोटो नको, नाव नको, त्यांचं ठेवत नाही. नियम आहे."

"मी गिऱ्हाईक नाही हो. बहीण आहे तिची."

"बाई, मागच्या महिन्यात एकजण मावसभाऊ होते. मग घाऊक भाव मागायला लागले."

"मला भाव नको. आमची आई चाललीय. आज नेली नाही तर भेट व्हायची नाही."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. वाईट वाटलं असावं. पण मान हलवली ती नकारार्थीच. "कारागिरांचं काम बघता येतं, मागच्या बाजूला," एवढं मात्र त्या म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

मागच्या खोलीत दहाबारा बायका सतरंज्यांवर बसून विणत होत्या. ओल्या वेताचा वास नाकात गेला आणि क्षणभर मला आमच्या घरी आल्यासारखंच झालं. भिंतीवरच्या घड्याळात दोनला दहा कमी होती.

"हा डावा काठ तुम्हाला कोणी शिकवला?" मी विचारलं.

"माझ्या आईनं," एक म्हणाली.

"माझ्यापण," दुसरी म्हणाली, आणि बाकीच्यांनी माना खाली घातल्या. खोटं बोलणाऱ्याला दुसऱ्याचं खोटं लगेच कळतं. त्या कोणाला तरी झाकत होत्या. मी हात जोडले. पाया पडते म्हटलं. कोणी वर बघेना. सगळा पालथ्या घड्यावर पाणी असा प्रकार.

मग काय सुचलं कोण जाणे, मी तिथेच मांडी घातली. एकीची टोपली काठाला आली होती, ती तिच्या मांडीवरून ओढून घेतली, काड्यांवर पाणी मारलं आणि दुमडायला लागले. मागून, पुढून, आत. डावीकडे. इतक्या वर्षांनी बोटं विसरली असतील असं वाटलं होतं, पण नव्हती विसरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

"वा, किती अस्सल," मागून आवाज आला. कॅमेऱ्याची कळ दाबल्याचा आवाज. "बाई, जरा इकडे बघता का? किती वर्षं करताय हे काम?" मी वर पाहिलं. काकांनी कॅमेरा खाली घेतला. "अहो, तुम्ही तर आमच्या बसमधल्या."

एरवी मी त्यांना चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी म्हटलं, "काका, जरा बाहेर थांबता?" आणि ते खरंच थांबले.

कोपऱ्यातली एक म्हातारी उठून आली. तिनं माझ्या हातातला काठ अंगठ्यानं दाबून पाहिला.

"मोठी ना तू?"

"कशावरून?"

"ती म्हणायची, मोठीचा काठ सैल बसतो."

हसावं का रडावं कळेना. बायकांपैकी दोघी मात्र हसल्या. म्हातारी म्हणाली, "आईनं तोंड बघायचं नाही म्हणून सांगितलं ना तिला? दोन वर्षं ती इथे रोज रडायची. आता कशाला आलीस?"

"आई चाललीय. बारकीला विचारतेय. कुठाय ती?"

म्हातारीनं मागच्या कोठीच्या दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. ती आत गेली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. म्हातारी परत आली.

"विचारतेय, आईनं स्वतः बोलावलंय का?"

इथे मला एक पळवाट दिसली. किती सोपी होती. "हो," मी म्हटलं, "सांगा, आईनं तिला माफ केलंय. सगळं विसरली म्हणावं." आई आता फार बोलत नाही. दोघींची भेट होईल, आई जाईल, आणि माझं झाकलेलं झाकलेलंच राहील. हे सगळं माझ्या मनात आलं. आई तिकडे मरणाला टेकलेली आणि मी इथे स्वतःची अब्रू सांभाळत होते. अशी मी आहे.

म्हातारी आत जाऊन लगेच परत आली. "ती म्हणते, माफ केलं, पण कशाबद्दल? माझी चूक काय होती, तेवढं आधी विचारा. चौदा वर्षं शोधतेय, सापडली नाही म्हणते."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. घड्याळात सव्वादोन. आईपाशी दिवस किती उरले होते याचा हिशोब मला करवेना. मी कोठीच्या दाराशी गेले. दार ढकलायची छाती झाली नाही. तिथेच खाली बसले आणि दाराला तोंड लावून बोलले.

"बारके, तुझी चूक नव्हती. आई असं बोललीच नव्हती. ते मी बोलले. तू फोन केलास तेव्हा आईला मी काही विचारलंच नाही. आणि आईला येऊन सांगितलं, तिला आपण नकोत. तेही मीच. तुझ्या टोपल्या खपायच्या, माझ्या परत यायच्या, म्हणून. दुसरं काही कारण नाही. आईनं चौदा वर्षं तुझी वाट पाहिली. तुझी टोपली हाताला लागली तर म्हणाली, बारकी आली का. मला काय हवं ते म्हण, मार हवं तर, पण आईकडे चल. पाच-सहा दिवसांच्या वर ती काही काढत नाही."

मागे विणणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. ज्या बाईची टोपली मी ओढून घेतली होती, तिनं ती माझ्या जागेवरून उचलली आणि मी वळवलेला काठ सोडवायला घेतला. एकेक काडी सरळ करत होती. हॉर्न परत वाजला. सहलवाला दारात येऊन ओरडून गेला. मी दाराला डोकं टेकून, आईला काय सांगू, आईला काय सांगू, एवढंच म्हणत राहिले.

दार उघडलं. मी पडता पडता वाचले. बारकीचे केस अर्धे पांढरे झाले होते. चेहरा आईचा. खांद्याला पिशवी. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला ओलांडून ती म्हातारीजवळ गेली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाहेर जाऊन सहलवाल्याला विचारलं, "एक जागा आहे का?"

जागा नव्हती. तिला माझी दिली, काकांच्या शेजारची. मी सगळ्यात मागे, खरेदीच्या गाठोड्यांमध्ये बसले. बस सुटल्यावर शेजारणीला फोन लावला आणि तिथूनच मोठ्यानं सांगितलं, "आई आहे. दोन चमचे पाणी घेतलं तिनं." सगळी बस वळून बघायला लागली. बारकी वळली नाही. तिनं फक्त तोंडाला पदर लावला.

तासभर गेला. मग मी पाहिलं, ती काकांशी काही बोलत होती. काका ऐकत होते, अवघडले होते. शेवटी ते उठले आणि सीटच्या पाठी धरत धरत माझ्यापर्यंत आले.

"त्या म्हणतायत," काका खाली बघत म्हणाले, "आईंना खरं काय ते त्या स्वतः सांगणार आहेत. एकट्या. तुम्ही तोवर दाराबाहेर बसायचं. आणि नंतरही, आई आहेत तोवर, आईंनी बोलावलं तरच आत यायचं."

मी खिडकीबाहेर बघितलं. काका तसेच उभे राहिले, बसच्या धक्क्यांनी हेलकावे खात.

"सांगा तिला," मी म्हटलं, "बसते."

काका परत गेले आणि मी जे म्हटलं तेच त्यांनी तिला सांगितलं, एक शब्दही इकडचा तिकडे न करता.