आरोग्यसेवकाच्या मुलीचं कार्ड

भार्गवीने लेकीची, रेवाची, गोवराची लस दुसऱ्यांदा पुढे ढकलली, तेव्हा फोनवर नर्स ओर्ला नुसतं "ग्रँड", म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला द्यायला भार्गवीकडे उत्तरं तयार होती. आयर्लंडमधल्या डंडॉकच्या इन्स्टिट्यूटमध्ये ती ग्रंथपाल होती आणि गेले दोन महिने जेवणाच्या सुट्टीत ती लसीवरचंच वाचत होती: बाजूचं, विरोधातलं, कुंपणावरचं.

"आणि तुझं काय?" ओर्लाने विचारलं. "लहानपणी गोवराची लस झालीय ना? आसपास दोन-चार केसेस निघाल्यात, म्हणून आयांनाही विचारतोय. कार्ड असेल तर फोटो पाठव."

भार्गवीला हसू आलं. तिचे वडील, अण्णा, पाटण तालुक्यात आरोग्यसेवक होते. खांद्याला लसीचा निळा डबा लावून त्यांनी तीस वर्षं डोंगरातल्या वस्त्या पालथ्या घातल्या होत्या. "माझं नसेल तर कुणाचं असेल?" असं म्हणून तिने उजव्या कानाचा फोन खाली ठेवला. फोन नेहमी उजव्याच कानाला. डावा कान लहानपणी फुटला होता. त्यातून ऐकू यायचं ते भिंतीपलीकडून आल्यासारखं.

अण्णांना जाऊन चार महिने झाले होते. आईला एकटी ठेवायला नको म्हणून भार्गवीच्या नवऱ्याने, उपेंद्रनेच तिकीट काढून तिला इकडे आणली होती. पाकिटातली स्वच्छ डाळही आई ताटात पसरून निवडत बसायची, आणि चौदा महिन्यांची रेवा समोर बसून एकेक दाणा परत ताटात टाकायची.

"आई, माझं लसीचं कार्ड कुठंय गं?"

"असंल कुठंतरी," आई म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. डाळ अर्धीच निवडून झाली होती.

भार्गवीला हे जरा चमत्कारिक वाटलं. अण्णा कागद टाकणाऱ्यातले नव्हते. त्यांनी सायकलच्या घंटीचं हमीपत्रसुद्धा जपून ठेवलं होतं. आईने येताना घरातल्या कागदांची प्लॅस्टिकची पिशवी आणली होती. ती स्वयंपाकघरातल्या कपाटात, तांदळाच्या डब्यामागे होती. शनिवारी दुपारी भार्गवीने ती टेबलावर रिकामी केली. जन्माचा दाखला, स्कॉलरशिपचा निकाल, देवीच्या यात्रेतला एक फोटो. मग धाकट्या भावाचं, अंबरीशचं कार्ड निघालं. कडा फाटलेल्या, पण प्रत्येक चौकोन भरलेला, प्रत्येक तारखेपुढे अण्णांची बारीक, उभी सही.

तिचं कार्ड मात्र नव्हतं.

उपेंद्र लॅपटॉप मिटून आला. "काय शोधतेयस? आणखी एक पेपर?"

"माझं कार्ड. अंबरीशचं आहे, माझं नाही. का नसेल?"

"हरवलं असेल."

"अण्णांकडून?"

"बरं, नसेल हरवलं." त्याने रेवाला उचललं. "मला एवढंच सांग, तू बाजूने आहेस की विरोधात? म्हणजे मला पाळणाघरवाल्या बाईला काहीतरी सांगता येईल. एक तारखेला हिला सोडायचंय."

"मी वाचतेय."

"वाच. थोड्या दिवसांनी ही स्वतःच वाचायला लागेल, मग दोघी मिळून ठरवा."

तिला हसावंसं वाटलं नाही. रेवाला प्रॅममध्ये बसवून तो बाहेर घेऊन गेला.

आई दारात उभी होती. टेबलावरचे कागद बघून ती खुर्चीत बसली आणि अंबरीशचं कार्ड हातात घेऊन बोटाने त्याची कड सरळ करत राहिली.

"तुजं कार्ड हुतं," ती म्हणाली. "त्यांनीच फाडलं."

"अण्णांनी?"

"तू नऊ म्हैन्यांची झालीस, त्याच आठवड्यात तुजं आजोबा गेलं. बुधवारी लसीचा दिवस. ह्ये नवीनच नोकरीला लागलेले. घरात सगळे म्हनले, सुतकात लेकराला सुई टोचू नगंस. ह्ये म्हनले, बरं, तेरा दिवस झाल्यावर. मग तुला सर्दी झाली. मग पावसानं रस्ता गेला, लसच आली न्हाई. आन् मग गोवर आला."

भार्गवीचा हात नकळत डाव्या कानाकडे गेला.

"व्हय. कान तवाच फुटला. आठ दिस तू तापानं फणफणत हुतीस. कार्डावर गोवराचा चौकोन तेवढा मोकळा हुता. त्यो बगितला की त्यांना जेवन जायचं न्हाई. एक दिवस फाडलं. मला म्हनले, पोरीला सांगू नगंस."

बाहेर प्रॅमची चाकं खडीवरून गेली. चौतीस वर्षं हा कान भार्गवीबरोबर होता, आणि तो का असा आहे हे विचारायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. जगातल्या सगळ्या गोष्टींवरची पुस्तकं तिने शोधली होती, ही एक सोडून. अण्णा जेवताना नेहमी तिच्या उजव्या बाजूला बसायचे, हे तिला आत्ता आठवलं.

"आई, गावात लोक नाही म्हणायचे तेव्हा अण्णा काय करायचे? ओरडायचे?"

"छ्या. एका म्हातारीनं डबा फेकला तरी ओरडले न्हाईत. त्ये कारन विचारायचे आन् ऐकून घ्यायचे. सगळं. च्या घ्यायचे. मग म्हनायचे, आज नगं तर नगं, पन कधी येऊ तेवढं सांगा. तारीख घेतल्याबिगर उंबरा सोडायचे न्हाईत. आन् त्या तारखेला जायाचेच." आईने कार्ड खाली ठेवलं. "तुजं कारन काय?"

भार्गवीने तोंड उघडलं. तिने वाचलेलं सगळं जिभेवर होतं. त्यातलं एकही कारण तिचं नव्हतं.

"या लसीनंतर आठव्या-दहाव्या दिवशी कधीकधी ताप येतो," ती म्हणाली. "उतरतो तो. सगळीकडे तसंच लिहिलंय. पण अण्णांनाही जायच्या आधी तापच होता ना? तीन दिवस. मी फोनवर म्हटलं, ताप आहे, उतरेल."

"मी बी त्येच म्हनले हुते," आई म्हणाली.

दोघींनी मिळून कागद परत पिशवीत भरले. अंबरीशचं कार्ड सगळ्यात वर ठेवलं.

"मग?" आईने विचारलं. आवाज चढवला नाही, समजूतही घातली नाही. "कधी?"

सोमवारी सकाळी भार्गवीने दवाखान्यात फोन लावला. ओर्लाला म्हणाली, "माझं कार्ड नाही. लस राहिली आणि गोवर होऊन गेला. आणि रेवासाठी मला तारीख हवीय."

"येत्या गुरुवारी, दहाला?"

"चालेल."

"नक्की?" ओर्लाने पहिल्यांदाच असं विचारलं.

"नक्की."

फोन ठेवून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर गुरुवारला गोल केला. मग पुढचे दिवस बोटाने मोजले. आठवा दिवस शुक्रवारी येत होता, दहावा रविवारी. त्या आठवड्यात घरून काम करायचं उपेंद्रने कबूल केलं, आणि तापाचं औषध आणायला तो लगेच बाहेरही पडला. फक्त एक अडचण होती. आईचं परतीचं विमान बुधवारी होतं, ताप यायचाच असला तर त्याच्या दोन दिवस आधी.

आई रेवाला मांडीवर घेऊन कॅलेंडरसमोर उभ्या असलेल्या लेकीकडे बघत होती.

"माजं तिकीट ढकल पुढं," ती म्हणाली. "त्ये ढकलाय काय हरकत न्हाई."