नमुन्याशिवाय

"नमुना कुठाय?" कोनाडूने मान वर न करता विचारलं.

"नमुना नाहीये, आंटी."

"मग पाटी वाच."

पाटी वाचायची कुणाला गरज नव्हती. कुमासीत, सुआमे मॅगझीनच्या त्या अवाढव्य गॅरेजवस्तीत, अफुआ कोनाडूच्या दुकानावर ती नवऱ्याच्या वेळेपासून लटकत होती : 'जुना दाखवल्याशिवाय नवा मिळणार नाही.' लिहिली होती ती ऑइल फिल्टरबद्दल. पण नवरा वारल्यावर कुणा टवाळाने खाली खडूने लिहून ठेवलं, 'नवऱ्यांनाही हाच नियम.' कोनाडूने ते पुसलं नाही. विनोद वाईट नव्हता, आणि गिऱ्हाईक हसत आत येत होतं.

नियम मात्र हसण्यावारी न्यायचा नव्हता. मॅगझीनमध्ये गाडीच्या नावावर विश्वास ठेवणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाहीतर नवखा. अंग एका गाडीचं, दारं दुसरीची आणि पोटात इंजिन तिसरीचंच. गाडीचं नाव सांगून फिल्टर नेला की संध्याकाळपर्यंत रस्त्यावर ऑइलची रांगोळी आणि शिव्या मात्र फिल्टर विकणारीला. म्हणून आधी जुना फिल्टर टेबलावर ठेवायचा. ती त्याचे आटे बघणार, रबराची रिंग बोटाने चाचपणार, मग वर हात घालणार.

"मास्तर बाफोंच्या व्हॅनला हवाय," गिऱ्हाईक म्हणालं.

आता तिने मान वर केली. समोर याव डोंकोर उभा होता, गॅरेजवाल्या मास्तर बाफोची व्हॅन चालवणारा. अंगात सुतकाचा काळा सदरा, मनगटाला लाल फडकं बांधलेलं. मास्तरला जाऊन महिना उलटला होता. इस्पितळाच्या शीतघरात तो थांबला होता, आणि उद्या शनिवारी त्याला त्याच्या गावी, माम्पोंगला नेऊन माती द्यायची होती.

"व्हॅनला काय झालं?"

"काही नाही झालं. भाचा अग्येई म्हणाला, मामा स्वतःच्या गाडीतून जाणार, मग गाडी नीटच पाहिजे. घराला रंग दिला, तसा गाडीलाही दिला. ऑइल बदललं. पोरांनी जुना फिल्टर उतरवला आणि—"

"आणि भंगारात टाकला."

"भंगारवाला दारातच उभा होता, आंटी. इथे लोखंड खाली पडायला उशीर."

दुसरा कुणी असता तर कोनाडूने त्याला नियमाची पोथी वाचून दाखवली असती. पण ती मुकाट्याने स्टुलावर चढली आणि अगदी वरच्या फळीवरून एक खोकं काढलं. खोक्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मास्तर'.

सगळ्या मॅगझीनमध्ये एकट्या मास्तरला, क्वाकू बाफोला, नमुना लागत नसे. तो यायचा, बाकावर बसायचा, कोपऱ्यावरून आणलेलं भाजलेलं केळं आणि शेंगदाणे कागदावर मांडायचा, अर्धे तिच्याकडे सरकवायचा. "मालकीणबाई, माझ्या म्हातारीचा फिल्टर." म्हातारी म्हणजे व्हॅन. तो फिल्टर पुढे पुढे बाजारातून नाहीसाच झाला. तसल्या इंजिनाच्या गाड्या संपल्या. तरी कोनाडू आक्राच्या व्यापाऱ्याच्या मागे लागून, चार ठिकाणी शोधायला लावून, तो मागवत राहिली. एका माणसासाठी एवढी यातायात कशाला, असं व्यापारी विचारायचा. "जुनं गिऱ्हाईक आहे," ती सांगायची. त्या दोघांमधल्या गोष्टीला याहून मोठं नाव कधी मिळालं नाही. तिने ठेवलं नाही, त्याने मागितलं नाही.

उद्या अंत्यविधीला देणगी देणाऱ्यांची नावं माईकवरून पुकारतील. अमक्या गावची मेहुणी, तमक्या चर्चची मंडळी. कोनाडूला कोण म्हणून पुकारणार? फिल्टरवाली? त्यापेक्षा हे बरं, तिला वाटलं. मास्तर शेवटचा जाईल तो तिच्या हातच्या फिल्टरवर. माईकची गरज नाही.

"घेऊन जा," तिने डोंकोरला सांगितलं. "रिंगेला ऑइलचं बोट लावा. पाना लावू नका, हातानेच आवळा."

डोंकोर गेला आणि तिने स्टूल जागेवर ठेवायच्या आत परत आला.

"बसत नाही, आंटी."

"बसत नाही म्हणजे? आवळायला कोण होतं?"

"तिघांनी बघितलं. आटेच धरत नाहीत. नुसता गोल फिरतो."

"तिघं होते म्हणून फिरत असेल," म्हणत ती उठली आणि तिने फळी लावून घेतली. दिवसाउजेडी कोनाडूचं दुकान बंद झालेलं पाहून गटाराच्या पलीकडून सार्पोंगने मान उंचावली. तोही फिल्टरच विकायचा. त्याचं आणि कोनाडूचं विळ्याभोपळ्याइतकं सख्य होतं. बोलणं थांबून इतका काळ लोटला होता की कशावरून थांबलं, हे दोघांनाही नक्की सांगता आलं नसतं.

मास्तरच्या गॅरेजात व्हॅन उभी होती. पांढरी, नव्या रंगाचा वास येणारी. मागच्या काचेवरची अक्षरं तेवढी कुणी झाकली नव्हती : 'घाई कसली'. दाराशी अग्येई फोन घेऊन येरझाऱ्या घालत होता. मास्तरच्या बहिणीचा मुलगा तो. इथल्या रीतीने मामाचं सगळं भाच्याकडेच यायचं, तसं गॅरेज त्याच्याकडे आलं होतं आणि गॅरेजबरोबर हा घोरही.

"आंटी, बरं झालं आलात. शववाहिनीवाला फोनवर आहे. काचेची गाडी, आत दिवे, बाहेर बाजा. तो म्हणतो, संध्याकाळच्या आत हो की नाही सांग, दुसरीकडून मागणी आहे."

"मास्तर काय म्हणाला होता?"

"मामा म्हणाला होता, मला काचेत ठेवून लोकांना दाखवू नका, मी काय केक आहे? माझ्या म्हातारीतून न्या." अग्येईने फोन कानापासून लांब धरला. "पण म्हातारीनेच मूत धरलं नाही, तर माम्पोंगच्या चढावर मामाला खाली ठेवून आम्ही ढकलू काय?"

"त्याला सांग, थांब," कोनाडू म्हणाली.

तिने नेसलेलं कापड वर खोचलं आणि वाकून इंजिनाखाली हात घातला. फिल्टर बसतो तो मधला आट्यांचा खुंट तिने चिमटीत धरला. धरला आणि तशीच राहिली. खुंट जाड होता. तिचा फिल्टर ज्या इंजिनाला बसतो, त्याचा खुंट तिला झोपेतही कळला असता. हा तो नव्हता. तिने डोकं आत घालून नीट पाहिलं. नुसता खुंट नव्हे, अख्खं इंजिनच वेगळं होतं.

"हे इंजिन कधी बसवलं?"

"हे?" डोंकोर म्हणाला. "मी कामावर लागलो तेव्हापासून हेच आहे. जुनं केव्हाच मेलं म्हणायचे मास्तर. ह्या गाडीला मी दुसरं इंजिन पाहिलंच नाही."

"आणि फिल्टर कोण बदलायचं?"

"मास्तर स्वतः. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आम्हाला केळी आणायला पाठवायचे."

कोनाडू हात पुसायला फडकं शोधत मागच्या टेबलाकडे वळली. टेबलाच्या वर, पाने टांगायच्या फळीवर, ऑइलच्या डब्यांमागे खोकी रचलेली होती. भिंतीला चिकटवून, एकावर एक, छताच्या पत्र्यापर्यंत. प्रत्येकावर तिच्या अक्षरात पेन्सिलीने : मास्तर. मास्तर. मास्तर. तळाची खोकी उन्हाने पिवळी पडली होती. एकाचंही झाकण उघडलेलं नव्हतं.

ती आडव्या ठेवलेल्या टायरवर बसली.

"हे मामाने का साठवलं, आम्हाला काही कळलं नाही," अग्येई म्हणाला. "भंगारात पण देऊ दिलं नाही कधी. तुमचाच माल ना, आंटी? बंद आहे सगळा. परत घेऊन जा हवा तर."

"विकलेला माल मी परत घेत नाही," कोनाडू म्हणाली.

तिने हिशेब केला नाही, पण तो आपोआप झाला. इंजिन बदललं तेव्हाच त्याने सांगितलं असतं, मालकीणबाई, आता तुझा फिल्टर नको, तर ती म्हणाली असती, बरं. मग तो बाकावर कशासाठी बसला असता? आणि ती आक्राच्या व्यापाऱ्याच्या विनवण्या करत होती, त्याची अडचण होऊ नये म्हणून. त्यालाही तिने इतक्या खटपटीने आणलेल्या वस्तूला नको म्हणवलं नसेल. दोघांनी एकमेकांवर उपकार करून करून फळी भरली. एकदा, एकदाच जरी तिने त्याला विचारलं असतं, मास्तर, नमुना कुठाय? सगळ्या जगाला विचारलं. त्याला तेवढं विचारलं नाही.

"आंटी, शववाहिनीला हो म्हणू?"

"तुझी जीभ आवर जरा." ती उठली. "गाडी इतकी वर्षं चालली ना? म्हणजे कुठला तरी फिल्टर होताच. हवेवर नव्हती चालत."

फळीवरचं एक खोकं तिने उतरवलं, झाकण उघडलं, आतला फिल्टर बाजूला ठेवला आणि पुठ्ठा फाडून सपाट केला. मग वाकून तो खुंटावर दाबला. खुंट आरपार आला. चारी बाजूंनी तळव्याने नीट दाबून तिने पुठ्ठा हळूच सोडवला. मधे खुंटाएवढं भोक आणि भोवती, जिथे जुन्या फिल्टरची रिंग टेकायची, तिथे काळ्या ऑइलचं वर्तुळ उमटलं होतं.

"हा घ्या नमुना," ती स्वतःशीच म्हणाली.

मास्तरच्या असल्या इंजिनाचे फिल्टर ठेवणारा माणूस मॅगझीनमध्ये एकच होता. कोनाडूने गटार ओलांडलं, तेव्हा आजूबाजूच्या दुकानांतली ठोकाठोक थोडी मंदावली.

सार्पोंग चष्मा कपाळावर चढवून बसला होता. "वाट चुकलीस?"

"मास्तर बाफो फिल्टर तुझ्याकडून न्यायचा."

सार्पोंग टेबलावरची खोकी उगाच सरळ करू लागला.

"लपवू नकोस. मेलेल्या माणसाचं गुपित ठेवून तुला काय स्वर्ग मिळणार आहे?"

"शपथ घातली होती मला," सार्पोंग म्हणाला. "मागच्या दाराने यायचा, केंकीचे, त्या मक्याच्या गोळ्यांचे, हंडे उकळणाऱ्या बाईच्या चुलीपाठून. फिल्टर सदऱ्याखाली घालायचा. एकदा मी म्हटलं, अरे, फिल्टर नेतोयस की कोंबडी चोरतोयस? तर म्हणतो, समोर कळलं तर माझा बाक जाईल." त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "नमुना होता नुसता."

"होता," कोनाडू म्हणाली. "कुठला न्यायचा?"

"तीच पंचाईत आहे. स्वतः आत शिरून उचलायचा. ह्या दोनातला एक." त्याने दोन फिल्टर समोर ठेवले. रंग एक, उंची एक. "आटेही सारखेच आहेत. चुकीचा लागला तरी बसेल छान, आणि चढावर ऑइल ओकेल."

कोनाडूने पुठ्ठा टेबलावर पसरला. पहिल्या फिल्टरची रिंग तिने त्या काळ्या वर्तुळावर टेकवली. रबर वर्तुळाच्या बाहेर गेलं. दुसरा टेकवला. रबराखाली वर्तुळ दिसेनासं झालं.

सार्पोंगने पुठ्ठा उचलून उलटा केला. पलीकडच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं होतं. त्याने ते वाचलं, पुठ्ठा होता तसा ठेवला, आणि फिल्टर कागदात गुंडाळून तिच्या हातात दिला.

"उद्या माम्पोंगला येतेयस?" त्याने विचारलं.

"दुकान कोण बघणार?"

"मी बघतो. इथून दिसतं."

"तू बघणार आणि माझी गिऱ्हाइकं तुझी होणार."

"तुझा नियम कोण सोसणार? परत तुझ्याकडेच पाठवीन."

फिल्टर तिने स्वतः बसवला. रिंगेला ऑइलचं बोट लावलं, खुंटावर टेकवला, फिरवला. आटे लोण्यासारखे धरले. रबर टेकल्यावर आणखी थोडा, मनगटाच्या जोरावर. डोंकोरने इंजिन सुरू केलं. सगळे वाकून बघत राहिले. कोनाडूने खालून हात फिरवून तळवा उजेडात धरला. मग अग्येई बाहेर गेला आणि शववाहिनीवाल्याला नाही म्हणाला.

शनिवारी सकाळी मास्तर मॅगझीनमधून गेला. फिटरांनी पान्यांनी पत्रे वाजवले, उभ्या गाड्यांचे हॉर्न दाबून धरले. व्हॅन हळूहळू गल्लीत शिरली आणि डोंकोरने ती कोनाडूच्या दुकानासमोर आणून थांबवली. कुणी सांगितलं नव्हतं. इंजिन चालूच होतं, बाकावरचे शेंगदाणे थरथरावेत इतकंच. कोनाडू लाल-काळं कापड नेसून दारात उभी होती. तिने व्हॅनच्या पत्र्याला हात लावला, जरा वेळ ठेवला, काढून घेतला.

मागच्या लॉरीतून लोक तिला हाका मारत होते. अग्येईने पुढे जागा ठेवली होती, घरच्या बायकांजवळ. गटारापलीकडे सार्पोंग खुर्ची बाहेर काढून, तिच्या दुकानाकडे तोंड करून बसला होता.

व्हॅन हलली. 'घाई कसली' ही अक्षरं गल्लीच्या वळणावर गेली. लॉरीकडे जाण्याआधी कोनाडू, व्हॅन उभी होती तिथे वाकली आणि तिने मातीवरून बोट फिरवलं.

माती कोरडी होती.