विहीणबाईंची खाली येण्याची सोय

आमच्या गावात माणूस डोंगरावर लिफ्टने, म्हणजे तारेला टांगलेल्या खुर्चीत बसून जातो आणि खाली स्कीवर येतो. लिफ्टने खाली येत नाही. तसा नियम कुठे लिहिलेला नाही, पण खाली येणाऱ्या खुर्च्या कायम रिकाम्या असतात. पाय मोडला तर बचाव पथकवाले घसरगाडीवर बांधून आणतात, आणि त्यात मान असतो, बघणारे टोप्या काढतात. माझा चुलता तर त्या गाडीवरून हात हलवत आला होता. पण धडधाकट माणूस खुर्चीत बसून खाली आला तर त्याच्या नातवंडांनाही शाळेत त्यावरून चिडवतात. त्यातून लिफ्टच्या तारा नेमक्या खालच्या खानावळीच्या अंगणावरून जातात, म्हणजे गुपचूप यायचीही सोय नाही.

मी रोमेद. उभा जन्म याच उतारावर लोकांना स्की शिकवण्यात गेला. फायर ब्रिगेडची जी स्कीची शर्यत दर हिवाळ्यात होते, तिचे कप आमच्या घरात इतके आहेत की बायको त्यात कांदे ठेवते.

गेल्या शरदात माझी एकुलती एक मुलगी मेना स्वयंपाकघरात आली आणि माझ्या समोर बसली. तिचं येल्मेरशी लग्न ठरलं होतं. पोरगा चांगला, उंच, फक्त उत्तर हॉलंडचा, म्हणजे जिथे जमीन समुद्राच्याही खाली आहे तिथला.

"बाबा, येल्मेर इथे राहायला तयार आहे," ती म्हणाली. "आपल्या पाहुण्यांच्या खोल्या आम्ही दोघं चालवू. पण एक अडचण आहे. त्याच्या आईचं म्हणणं, जिथे मला जाता-येता येणार नाही तिथे मुलगा गेला, म्हणजे तो मला गेलाच. फेब्रुवारीत त्याचे आईबाबा पहिल्यांदाच येतायत. त्यांना इथे आवडलं पाहिजे."

"आणि नाही आवडलं तर?"

"मग मी तिकडे जाईन."

"समुद्राखाली?"

"बांध आहे तिथे, बाबा."

बांध आहे म्हणे. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मुलगी नदीपलीकडच्या गावात दिली असती तरी मी कुरकुर केली असती, इथे तर तिला बांधाच्या भरवशावर ठेवायचं होतं. मी ठरवलं, ही सुट्टी मी स्वतः आखणार, आणि अशी आखणार की व्याही-विहीण परत जायचं नाव काढणार नाहीत.

बायकोने, बुर्गीने, तिथल्या तिथे सांगितलं, "शिकवायचं काम दुसऱ्याला दे. नवख्याला घरच्या माणसाने शिकवू नये. तू मला गाडी शिकवलीस तेव्हा मी माहेरी निघून गेले होते."

"तुझं माहेर समोर आहे."

"म्हणूनच परत आले."

मी लक्ष दिलं नाही. टेबलावर मिरीची चक्की ठेवली, तो डोंगर. मिठाची बरणी ही खालची खानावळ, आणि चक्कीच्या डोक्यावर ठेवलेला पावाचा तुकडा म्हणजे डोंगरावरची बुर्गीच्या मावसबहिणीची खानावळ. आमच्याकडे सुट्टी आखायची ती जेवणाच्या हिशेबाने. एका जेवणाकडून दुसऱ्या जेवणाकडे जायची रीत, तिला आम्ही स्की म्हणतो. आणि त्या मावसबहिणीसारखे चीजचे गोळे, सुपात टाकलेले, आमच्या या अख्ख्या टिरोल मुलखात कोणी करत नाही. तेव्हा शेंबडं पोरही सांगेल की पाहुण्यांना न्यायचं ते तिथेच.

"न्यायचं ठीक आहे," बुर्गी म्हणाली. "खाली कसे येतील?"

"दुधाच्या वाटेने. उन्हाळ्यात गायी उतरतात तिथून."

"गायींना खाली पोचल्यावर लेकाच्या संसाराचा निर्णय घ्यायचा नसतो."

वर जायचा दिवसही मी मुद्दाम शर्यतीचा धरला. सगळं गाव खाली लिफ्टपाशी जमलेलं असणार, हातात गरम वाइन असणार, आणि त्या सगळ्यांसमोर माझे व्याही नि विहीणबाई माझ्या मागोमाग डौलात उतरून येणार. मला ते चित्र इतकं आवडलं की मी पावाचा तुकडा खाऊन टाकला.

निघण्याआधी विहीणबाईंचा फोन आला. त्यांचं नाव निंके. आवाज शांत, सावकाश.

"काय काय आणू?"

"हातमोजे, गरम कपडे. स्की, बूट, हेल्मेट इथे भाड्याने मिळतं. बूट घट्ट घ्यायचे, टाच हलली तर बूट चुकला."

"बरं. आणि तुमच्या डोंगराला कठडा आहे का?"

मी म्हणालो, कुठे कुठे आहे. मग व्याह्यांनी, वीबेंनी, फोन घेतला आणि सांगितलं की चढ त्यांना नवा नाही, त्यांच्या चर्चपाशी एक आहे, तिथे सायकलवरून उतरावं लागतं.

शनिवारी ते आले. सोबत एक अख्खं चीज होतं, गाडीच्या चाकाएवढं. टिरोलमध्ये येताना चीज आणणाऱ्या माणसाला मी एरवी दारातून परत पाठवलं असतं, पण मुलीसाठी माणूस काय काय गिळतो. गिळलं. वाईट म्हणजे ते चांगलं होतं.

सपाट उतारावर शिकवणी सुरू झाली. वीबे लहानपणापासून गोठलेल्या कालव्यांवर स्केटिंग करणारे, त्यामुळे तोल उत्तम. फक्त कालव्याला उतार नसतो, तिथे थांबायचं म्हणजे पाय मारायचे बंद करायचे. त्यांनी इथेही तेच केलं. पाय मारायचे बंद केले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून, अगदी प्रसन्न चेहऱ्याने, माझ्यासमोरून, शाळेच्या पोरांमधून, कुंपणातून खानावळीच्या बियरच्या क्रेटांपर्यंत गेले.

"नांगर," मी ओरडत होतो. "स्कीची टोकं जवळ, टाचा लांब. नांगर करा."

"जमीन फार गोठलेली आहे नांगराला," ते क्रेटमधून म्हणाले.

विहीणबाईंचं वेगळं. त्या सुरुवात करायच्या आधीच पडायच्या, म्हणजे पुढची काळजी मिटते. पडून झालं की तिथेच बर्फात बसून आमच्याकडे बघायच्या. मी उठवायला गेलो की म्हणायच्या, "तुम्ही व्हा पुढे, मी बरी आहे." माझ्या उभ्या जन्मात इतकी शांत विद्यार्थिनी मला भेटली नव्हती, आणि शिक्षक म्हणून मी हात टेकले होते. पण आखलेलं ते आखलेलं. शर्यतीचा दिवस उजाडला तसा मी सगळ्यांना घेऊन लिफ्टने वर गेलो. बुर्गी खाली वाइन वाढायला थांबली.

जेवण दृष्ट लागण्यासारखं झालं. वीबेंनी चीजच्या गोळ्यांना तिसऱ्यांदा हात घातला. विहीणबाईंनी मावसबहिणीला कृती विचारली. मेनाने टेबलाखालून माझा हात दाबला. मी मनातल्या मनात त्यांना पुढच्या हिवाळ्यातली खोलीसुद्धा देऊन टाकली.

मग आम्ही दुधाच्या वाटेच्या तोंडाशी आलो. वीबेंनी हात पाठीमागे बांधले, "मग मी निघतो," म्हणाले आणि निघाले. थांबण्याचा प्रश्न नव्हताच. "बाबा, नांगर!" करत येल्मेर त्यांच्यामागे सुटला आणि त्या दोघांना वाचवायला मेना. तिघंही वळणाआड गेले.

विहीणबाईंनी उताराकडे नीट पाहिलं. स्की काढल्या, भिंतीला टेकवून ठेवल्या आणि बाकावर जाऊन बसल्या.

"मी इथूनच बघते," त्या म्हणाल्या.

"विहीणबाई, इथून लहान मुलं उतरतात."

"उतरू द्या. तुमची मुलगी फार गोड आहे. माणसंही चांगली आहात तुम्ही. पण मी इथे पुन्हा येणार नाही."

रागावून म्हणाल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्या दूधवाल्याला उद्या येऊ नको सांगावं तशा म्हणाल्या. मला डोळ्यांसमोर तो बांध दिसला, आणि बांधापलीकडे मेना.

"लिफ्टने खाली जाता येईल ना?" त्यांनी विचारलं. "कोणी शेजारी बसलं तर मी जाईन. एकटी नाही."

शेजारी बसायला वर उरलो होतो तो मीच. खालून लाउडस्पीकर ऐकू येत होता. शर्यतीचं वर्णन गेबहार्ट करत होता, माझ्याकडून आजवर प्रत्येक शर्यत हरलेला गेबहार्ट.

"तुमचा पाय वगैरे दुखतोय का?" मी विचारलं. "थोडासा मुरगळला असेल तर बचाव पथक बोलावतो. मस्त गाडी असते त्यांची."

"पाय छान आहेत."

"दुखतोय म्हणालात तरी चालेल."

"मी खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. मग वळणाकडे बघत म्हणाल्या, "मला उंचीचं काही नाही हो. इथे सगळे निघून जातात, त्याचं आहे. माझा मुलगा आत्ता गेला. त्याने वळून बघितलंसुद्धा नाही. तो इथलाच होणार आहे. मग मी दर वेळी अशीच वर बसलेली असणार."

मी सुद्धा हिशेब केला होता तो गोळ्यांचा, या बाईचा नाही. मला स्वतःची लाज वाटली. मी स्की काढल्या, त्यांचीही जोडी उचलली आणि लिफ्टकडे चालू लागलो.

वरचा लिफ्टवाला माझ्या शाळेतला. "बाईंना खाली बसवायचंय?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि तू?"

मी स्कीच्या दोन्ही जोड्या त्याच्यासमोर टेकवून ठेवल्या. त्याने टोपी काढली.

खुर्ची आली, आम्ही बसलो, पुढचा दांडा खाली ओढला आणि खुर्ची कड्यावरून पुढे गेली. आणि तेव्हा मला एक गोष्ट कळली. वर जाताना माणसाचं तोंड डोंगराकडे असतं. या खुर्चीत मी कधी उलट बसलो नव्हतो. समोर काहीच नव्हतं. खाली दरी, तिच्यात काडेपेटीएवढी घरं, आणि पायाखाली स्की नाहीत. पायाखाली स्की असल्या तर मी चर्चच्या कळसावरूनही उतरेन. पण असे नुसते बूट लोंबकळताना पाहून माझी पाचावर धारण बसली. मी दांडा धरला आणि डोळे मिटले.

"काय झालं?" विहीणबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"तुम्ही थरथरताय."

"थंडी आहे."

"घाबरलाय तुम्ही," त्या म्हणाल्या आणि माझा हात दांड्यावरून सोडवून स्वतःच्या हातात घेतला. "आमच्या गायींना बोटीतून पलीकडच्या कुरणात न्यावं लागतं. त्याही अशाच डोळे फिरवतात. मी त्यांच्याशी बोलत राहते. ऐका आता."

आणि त्या बोलत राहिल्या. एकेका गायीचं नाव, तिची आई कोण, कोण लाथा मारते, कोणाला रेडिओ लागतो. वाऱ्याने खुर्ची हलली की त्या माझा हात थोपटायच्या. कोणत्या गायीपर्यंत आलो ते सांगता येणार नाही, पण आवाज थांबला तर मी मरेन असं मला वाटत होतं, आणि तो थांबला नाही.

मग एकदम सगळीकडे शांत झालं. लाउडस्पीकर बंद पडला होता. मी डोळे उघडले. खाली खानावळीच्या अंगणात अख्खं गाव माना वर करून उभं होतं. बुर्गीच्या हातातून वाइन कोणाच्या तरी बुटात सांडत होती. मेना, येल्मेर आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झालेले वीबे एका रांगेत उभे होते.

खुर्ची खाली लागली. आम्ही उतरलो. विहीणबाईंनी माझा हात सोडला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांचा सोडला नाही.

"रोमेद," लाउडस्पीकरवर गेबहार्ट म्हणाला. त्याचा आवाज आनंदाने ओला झाला होता. "पाय मोडला का रे?"

मला एक वाक्य पुरलं असतं. पाहुण्या घाबरल्या होत्या, त्यांना घेऊन आलो. सगळ्यांनी मान डोलावली असती. ते माझ्या जिभेवर आलंही, तेवढ्यात विहीणबाई त्याच्या माइककडे वाकल्या.

"पाय ठीक आहेत त्यांचे," त्या सावकाश म्हणाल्या. "ते घाबरले होते. मी त्यांना खाली आणलं."

अंगण असं हसलं की छपरावरचा बर्फ घसरला. गेबहार्ट तर खुर्चीवर बसून रडत होता. मी मेनाकडे बघितलं. ती हसत नव्हती, ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"खरंय का, रोमेद?" कोणीतरी विचारलं.

"खरंय," मी म्हणालो. "फार घाबरलो होतो. या नसत्या तर मी अजून वरच असतो."

येल्मेर आईजवळ आला. "आई, माझं चुकलं. मी तुला तिथे सोडून..."

"तुझं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी यांचं बघ. इतका मोठा माणूस, आणि शेजारी बसायला कोणी नाही. असं कसं चालेल? पुढच्या हिवाळ्यात मला यावं लागेल."

मेनाने तोंडावर हात ठेवला. बुर्गीने गरम वाइनचे दोन पेले आणले, पहिला विहीणबाईंना दिला, दुसरा मला. समोर शर्यत पुन्हा सुरू झाली होती आणि गेबहार्ट प्रत्येकाच्या नावापुढे सांगत होता की हा गडी स्वतःच्या पायांनी खाली आला आहे.

"उद्या परत जाऊ या वर," विहीणबाई म्हणाल्या. "सवय व्हायला हवी तुम्हाला."

मी पेला दोन्ही हातांनी धरला आणि हो म्हणालो.