सातशे चाळीस पानं

थोरलीने डावा हात आडवा धरला आणि त्याच्या आडोशाला चिठ्ठीवर दोनाचा आकडा काढला. लक्ष मात्र चिठ्ठीवर नव्हतं. टेबलाच्या पलीकडे धाकटी बहीण पेन्सिलीचं टोक हनुवटीला टेकवून बसली होती, आणि थोरली तिच्या मनगटावर नजर ठेवून होती. एक लिहिताना मनगट एकदा फिरतं, तीन लिहिताना दोनदा. धाकटीने नेमक्या त्याच क्षणी चिठ्ठी टेबलाखाली मांडीवर घेतली.

‘लपवायला काय झालं?’ असं थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. स्वतःचा आडवा हात दिसला आणि तिने ते गिळलं.

“झालं का सगळ्यांचं?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

त्यांच्याच चष्म्याच्या दुकानामागची ही खोली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी सात जण इथे वाचलेल्या कादंबरीवर बोलायला आणि पुढची ठरवायला जमत. भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता होता. चर्चा रंगली नाही की जो तो गुपचूप त्याची शेवटची ओळ वाचून बघत असे.

निवडीची रीत ठरलेली होती. सुचवलेल्या तीन पुस्तकांना क्रमांक द्यायचे, प्रत्येकाने चिठ्ठीवर आपला आकडा लिहायचा आणि चिठ्ठी चष्म्याच्या रिकाम्या केसमध्ये टाकायची. स्वतः सुचवलेल्या पुस्तकाला मत द्यायचं नाही. तीनदा पडलेलं पुस्तक पुन्हा सुचवायचं नाही. हे नियम क्लबच्या वहीत थोरलीच्याच वळणदार अक्षरात होते. तिने शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये नुसत्या पाठीकडे बघून कॉपी करणारा ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्याच थोरलीने मागच्या दोन्ही खेपांना पहिल्या नियमाला हरताळ फासला होता. दोन्ही वेळा स्वतःचं मत स्वतःच्याच पुस्तकाला.

पुस्तक होतं दीपगृहाच्या रखवालदारांच्या तीन पिढ्यांचं. सातशे चाळीस पानं. ते चांगलं आहे की वाईट याच्याशी थोरलीला फारसं देणंघेणं नव्हतं, तिला पानं हवी होती. मेहुणे गेल्यावर धाकटी चार दिवसांसाठी म्हणून राहायला आली, त्याला आता सहा वर्षं झाली. थोरलीने लग्न केलं नव्हतं. घरात दुसरा आवाज असण्याची सवय तिला साठीत लागली, आणि लागली ती चांगलीच. गेल्या थंडीत धाकटीच्या लेकीला मुलगी झाली आणि फोन सुरू झाले. आई, कधी येतेस? आता इकडेच राहायचं. धाकटीचं उत्तर ठरलेलं असे, क्लबचं पुस्तक हातात आहे, ते संपलं की येते. लेकीने हसून ते मान्य केलं होतं, पण आता तिचाही धीर सुटत चालला होता. आणखी एकच पुस्तक, असं तिने बजावलं होतं.

क्लबमध्ये अडीचशे पानांना महिना मिळे. म्हणजे पुस्तक जितकं जाड, तितकी धाकटी घरात. सातशे चाळीसला तीन महिने. तीन महिन्यांत काय वाटेल ते होऊ शकतं. लेकीला बाळ सांभाळायला चांगली बाई मिळेल, जावयाची याच गावात बदली होईल.

पण दोन्ही वेळा रखवालदारांना मत पडलं एकच. आणि दोन्ही वेळा घरी येताना धाकटी म्हणाली होती, “मी तुझ्याच पुस्तकाला दिलं हं, ताई.”

ते एक मत माझं होतं, हे थोरली कुठल्या तोंडाने सांगणार? चोरी पकडायची तर आधी स्वतःची कबूल करायला हवी. ती मूग गिळून बसली, पण मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली ती थांबेना. मग एकेक गोष्ट डोळ्यांवर येऊ लागली. माळ्यावरची मोठी बॅग धाकटीने ऊन दाखवायला म्हणून खाली काढली. फोनवर बोलताना ती गॅलरीचं दार ओढून घेऊ लागली. मंगळवारी ती क्लबमधल्याच दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली, आणि त्याच दुपारी कडक चकली कुडुम कुडुम चावत बसली. गुरुवारी चष्म्याची काडी सैल झाली म्हणून या दुकानात आली. थोरलीने रात्री तिचा चष्मा उचलून बघितला. काडी सैल बिल काही नव्हती.

धाकटीला जायचं होतं. तोंडाने सांगायचं धाडस नव्हतं, एवढंच.

म्हणून आज थोरलीने नियम पाळायचं ठरवलं. स्वतःला मत द्यायचंच नाही. मग रखवालदारांना, म्हणजे पहिल्या क्रमांकाला, शून्य पडलं की धाकटीला पळवाट उरणार नाही. तिसरा क्रमांक ग्रंथपालांच्या पुस्तकाचा होता, त्याला कधीच कोणी विचारत नसे. दुसरं डॉक्टरीणबाईंनी सुचवलेलं, छत्र्या विसरणाऱ्या एका माणसाची गोष्ट, जेमतेम एकशे तीस पानं. थोरलीने रागाने त्यालाच मत दिलं. जायचंच आहे ना, मग जा बाई लवकर.

चिठ्ठीची तिने चौघडी केली, घडीवर नख दाबून फिरवलं आणि ती केसमध्ये टाकली.

चष्मेवाल्यांनी केस हलवली. “दोन,” त्यांनी पहिली चिठ्ठी वाचली. “दोन.” त्या नक्कीच बँकेतल्या नवराबायकोच्या. ती दोघं कपडे सोडून सगळं एकसारखंच निवडत.

“एक.”

थोरलीने मान वर केली. धाकटी तक्त्याची शेवटची ओळ वाचत होती.

म्हणजे हिने दिलं. हिने खरंच दिलं. थोरलीने उगाच पदर सारखा केला. एवढे दिवस आपण काय काय मनात आणलं, बॅग काय, काडी काय.

“एक,” चष्मेवाले म्हणाले.

आता हे कोणाचं?

“दोन. आणि ही... एक. अरे वा! तीन-तीन. शेवटच्या चिठ्ठीवर आलं की हो सगळं!”

सगळे पुढे सरकले. बँकेतल्या बाईंनी यजमानांचा हात दाबला. चष्मेवाल्यांनी केसच्या तळातून शेवटची चिठ्ठी काढली. चौघडी होती. घडीवर नखाचा दाब होता.

“कोणी एवढी आवळून ठेवलीय?” चष्मेवाले ती उलगडत म्हणाले. “दोन! छत्र्या जिंकल्या, चार विरुद्ध तीन. रखवालदार तिसऱ्यांदा पडले. मॅडम, वाईट वाटून घेऊ नका.”

“छे, वाईट कशाला,” थोरली म्हणाली. वहीत निकाल तिनेच लिहायचा असे. तो तिने लिहिला आणि खाली तारीख घातली.

घर दहा मिनिटांवर होतं. दुकानांचे दिवे नुकतेच लागले होते. बेकरीपाशी धाकटी थांबली.

“ताई, चौथं कुठे गेलं?”

“कसलं चौथं?”

“माझं एक. डॉक्टरीणबाईंचं एक, त्यांना स्वतःच्या पुस्तकाला देता येत नाही म्हणून मी मंगळवारी जाऊन सांगून आले. चष्मेवाल्यांचं एक, त्यांना गुरुवारी गाठलं. झाली तीन. आणि चौथं तुझं.”

“माझं कसं असेल? स्वतःच्या पुस्तकाला मत देता येत नाही.”

“पण तू देतेस ना,” धाकटी म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. “दोन्ही वेळा दिलंस. मी नव्हतं दिलं, मग ते एक कोणाचं असणार? तुझ्या जिवावर तर मी चार धरली होती.”

थोरलीला भर रस्त्यात चोरी पकडल्यासारखं झालं. “तू खोटं सांगत होतीस मला,” ती कशीबशी म्हणाली.

“हो, सांगत होते. तेव्हा मला जायचं होतं. नातीचं तोंड बघायचं होतं, आणि तुझ्या तोंडावर सांगवत नव्हतं. मग बॅग खाली काढली, झटकली, आणि तिच्यात एक साडीसुद्धा ठेववेना.” धाकटीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “मला वाटलं, तुला मी हवी आहे. पण आज तू दोनाला दिलंस. शेवटची चिठ्ठी तुझीच होती, घडी ओळखते मी. आता मी जावंच असं वाटतं का तुला?”

“मी तुझी परीक्षा बघत होते,” थोरली म्हणाली. बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

“सरळ विचारायचंस ना मला. थांबतेस का, म्हणून.”

थोरली चालायला लागली, धाकटी दोन पावलं मागून येत राहिली.

कुलूप काढेपर्यंत आत फोन वाजायला लागला होता. शनिवारी या वेळेला लेकीचाच असे. धाकटीने चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली, तरी फोन उचलेना. ती थोरलीकडे बघत उभी होती. विचारायला दोनच शब्द लागले असते. थोरलीने तोंड उघडलं आणि म्हणाली, “फोन घे आधी. खोळंबली असेल पोर.”

धाकटीने फोन घेतला. थोरली स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसू लागली, आणि कान देऊन ऐकू लागली.

“हो गं, आत्ताच आलो. झोपली का ती? बरं. हो, ठरलं ना पुस्तक.” थोरलीचा हात ओट्यावर थांबला.

“दीपगृहाचं,” बाहेरून धाकटीचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा मोठा. “सातशे चाळीस पानं आहेत. तीन महिने तरी जातील. अगं, मी काय करणार? बहुमत पडलं.”